मुंबईतून खग्रास चंद्रग्रहण: आधी डोळे, मग कॅमेरा

खग्रास चंद्रग्रहण बघायला मुंबई सोडावी लागत नाही. आकाशगंगा बघायची तर कर्जत-कसाऱ्याच्या पलीकडे जाऊन काळोख शोधावा लागतो, उल्कावर्षावाचंही तेच. ग्रहणाला मात्र शहराच्या दिव्यांचा फारसा अडसर होत नाही. चाळीच्या गच्चीवरून, स्टेशनच्या पुलावरून, उड्डाणपुलावर अडकलेल्या बसच्या खिडकीतूनही चंद्र लाल झालेला दिसतो. दुर्बीण लागत नाही, खास चष्मा लागत नाही, तिकीट लागत नाही. ज्यांनी आकाशाकडे कधी मुद्दाम मान वर करून पाहिलेलं नाही, त्यांनी सुरुवात ग्रहणापासूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोटो काढायला शिकण्याची रात्र ग्रहणाची नव्हे. ती आधीच्या पौर्णिमांची. दर महिन्याला एक पौर्णिमा येते, त्यातल्या दोन-तीन कॅमेऱ्याला द्या. मग ग्रहणाच्या रात्री हात आपोआप चालतात आणि डोळे आकाशाकडे राहतात.

तारीख आणि वेळा

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसू शकणारं खग्रास चंद्रग्रहण होतं. ३ मार्च २०२६ च्या ग्रहणातली खग्रास अवस्था मात्र मुंबईत चंद्र उगवण्याआधीच संपणारी. त्यानंतर थेट ३१ डिसेंबर २०२८. होय, वर्षाअखेरची रात्र. हे ग्रहण मुंबईतून अथपासून इतिपर्यंत दिसणार आहे आणि तेही डिसेंबरात. पावसाळ्यात येणाऱ्या ग्रहणांचा मुंबईकरांना अनुभव आहेच: पंचांगात ग्रहण, आकाशात ढग. २७ जुलै २०१८ चं ग्रहण या शतकातलं सर्वांत लांब, १०३ मिनिटांच्या खग्रास अवस्थेचं होतं, पण आलं ऐन पावसात. डिसेंबरात ती धास्ती बरीच कमी.

वेळा लिहून ठेवा. पंचांगात ग्रहणाच्या पाच वेळा दिलेल्या असतात: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष. निरीक्षणाला याच पाच वेळा लागतात, दुसरं वेळापत्रक शोधत बसू नका. ३१ डिसेंबर २०२८ साठी त्या साधारण अशा आहेत:

स्पर्श, म्हणजे गडद सावली चंद्राच्या कडेला टेकते: रात्री ८.३७
संमीलन, चंद्र पूर्ण सावलीत जातो: ९.४६
मध्य: १०.२२
उन्मीलन, पहिली उजळ कड बाहेर येते: १०.५८
मोक्ष: मध्यरात्री १२.०६

म्हणजे खग्रास अवस्था सुमारे ७१ मिनिटांची. चंद्रग्रहणाच्या या वेळा चंद्र दिसत असलेल्या सगळ्या ठिकाणी एकच असतात. नागपूरच्या आत्याला फोन केलात तर तिलाही त्याच क्षणी तेच दिसत असेल. सूर्यग्रहणाचं तसं नसतं, तिथे गावागणिक वेळ बदलते.

दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हा प्रश्न गच्चीवरचं एखादं पोर हमखास विचारतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.

जागा: समुद्राकडे पाठ करा

मुंबईकराला मोकळं आकाश म्हटलं की चौपाटी आठवते. पण मरीन ड्राइव्ह, वरळी, दादर, जुहू या सगळ्या किनाऱ्यांचं तोंड पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. संध्याकाळी सुरू होणारं ग्रहण बघायला समुद्राकडे तोंड करून बसलात, तर चंद्र पाठीमागच्या इमारतींवर असेल. पूर्वेला पाणी हवं असेल तर गेटवे ऑफ इंडिया, नाहीतर मुंबईच्या काठावरून दिसणारी वाशीच्या बाजूची खाडी. गेटवेवर ३१ डिसेंबरला पाय ठेवायला जागा नसते, ट्रायपॉड उभा करण्याची गोष्टच सोडा.

या ग्रहणाला सर्वांत चांगली जागा म्हणजे आपल्याच इमारतीची गच्ची. स्पर्शाच्या वेळी चंद्र पूर्वेला क्षितिजापासून सुमारे ३३ अंश वर असेल. हात लांब करून मूठ वळली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, म्हणजे तीन मुठींहून थोडा वर. मध्याला तो ५७ अंशांवर पोहोचेल आणि मोक्षाला जवळजवळ डोक्यावर. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, समोर उंच टॉवर असला तरी घाबरू नका, थोड्या वेळाने चंद्र त्याच्यावर येईलच. दुसरी, पूर्वेकडच्या गॅलरीवर विसंबून राहू नका. सुरुवात तिथून छान दिसेल, पण नेमकी खग्रास अवस्था चालू असताना चंद्र वरच्या मजल्याच्या स्लॅबआड जाईल.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ३१ डिसेंबरला बहुतेक सोसायट्यांत गच्चीवर कार्यक्रम असतो. आठ दिवस आधी बोला. नुसती परवानगी मागू नका, सगळ्यांनाच बोलावता येईल असं सुचवा. पावणेदहा ते अकरा एवढा वेळ गच्चीवरचे हॅलोजन बंद ठेवायचे आणि बाकी कार्यक्रम चालू द्यायचा, एवढीच विनंती करा. स्पीकरचा ग्रहणाला काही त्रास नाही, दिव्यांचा आहे.

गच्चीवर ट्रायपॉड कुठे ठेवायचा हेही आधी ठरवा. लिफ्टच्या मशीनरूमजवळ नको. लिफ्ट सुटली की त्या बाजूची फरशी सूक्ष्म थरथरते. पायाला जाणवत नाही, पण झूम केलेल्या पडद्यावर चंद्राची कड लगेच कापताना दिसते. पाण्याच्या टाकीचा पंप चालू असेल तर तिथेही तेच. कोपऱ्यात, खांबावर येणाऱ्या भागात जमीन जास्त स्थिर मिळते. पत्र्याच्या शेडवर किंवा सैल लाद्यांवर ट्रायपॉड उभा करू नका, शेजारून कोणी चाललं तरी फोटो हलेल.

ग्रहण सर्वांसोबत बघायचं असेल तर वरळीच्या नेहरू तारांगणात काही कार्यक्रम आहे का याची चौकशी करा. खगोल मंडळाची माणसंही अनेक वर्षं मुंबईकरांना आकाश दाखवत आली आहेत. वांगणीच्या माळावर त्यांच्यासोबत काढलेली एक रात्र नवशिक्याला खूप काही शिकवून जाते.

डोळ्यांनी काय काय बघायचं

चंद्राला फिल्टर लागत नाही. ग्रहणाची काच, एक्स-रे फिल्म वगैरे सगळं सूर्यग्रहणासाठी (आणि एक्स-रे फिल्म तर तिथेही नको). चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी हवा तितका वेळ बघा. घरात वेध पाळत असतील तर त्यांच्याशी भांडायची ही रात्र नव्हे. पण गरोदर बाईला ग्रहणाच्या नावाखाली खोलीत कोंडून ठेवू नका, तिलाही गच्चीवर आणा. चंद्रावर पडते ती आपल्याच पृथ्वीची सावली. पंधराशे वर्षांपूर्वी आर्यभटाने हेच सांगितलं होतं. सावलीतून कोणतेही किरण निघत नाहीत, पोटातल्या बाळाला त्यातून काहीही होत नाही.

स्पर्शाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच गच्चीवर या. विरळ सावली चंद्रावर आधीपासून आलेली असते, पण डोळ्याला ती उशिरा जाणवते. चंद्राची एक बाजू मळकट दिसू लागते, तिच्यावरून धुराचा हात फिरल्यासारखी. चंद्र आकाशात पूर्वेकडे सरकत सावलीत शिरतो, म्हणून त्याची पूर्वेची कड आधी काळवंडते. पूर्वेला चढत असलेल्या चंद्राची ही कड खालच्या बाजूला असते. तेव्हा पहिला घास खालून घेतला जाणार, हे लक्षात ठेवा. पुष्कळ जण वरच्या कडेकडे बघत बसतात.

मग सावलीच्या कडेची वक्रता बघा. ती चंद्राच्या कडेपेक्षा मोठ्या वर्तुळाची आहे, हे अर्धा चंद्र झाकला गेला की स्पष्ट कळतं. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या व्यासाच्या अडीच पटींहून जास्त रुंद असते. पृथ्वी गोल आहे याचा हा पुरावा ॲरिस्टॉटलने दिला होता, आणि तो तपासायला आजही गच्ची पुरते.

संमीलनाच्या आधीची पाच-सात मिनिटं आणि नंतरची तितकीच, या वेळात कॅमेऱ्यात डोकं घालू नका. उजळ कड बारीक होत जाते आणि इतका वेळ काळा वाटणारा भाग अचानक लाल दिसू लागतो. तो आधीही लाल होता, उजळ कडेच्या झगमगाटात डोळ्याला कळत नव्हतं एवढंच. दुर्बीण असेल तर ती आत्ता घ्या. साधी ७x५० किंवा १०x५० (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) पुरेशी. लाल भाग आणि उजळ भाग यांच्या सीमेवर एक फिकट निळसर पट्टा दिसतो. पृथ्वीच्या वातावरणातल्या ओझोनच्या थरातून आलेला हा प्रकाश असतो. ओझोन लाल प्रकाश शोषून घेतो, म्हणून त्या कडेवर निळाई उरते. खग्रास अवस्थेतला लाल रंग वातावरणाच्या खालच्या, दाट थरांतून वाकून आलेल्या प्रकाशाचा. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त चालू आहेत, त्या सगळ्यांची लाली एकत्र चंद्रावर पडलेली असते.

रंग प्रत्येक ग्रहणाला वेगळा. कधी घासून ठेवलेल्या तांब्याच्या कळशीसारखा लख्ख, कधी विटकरी, कधी इतका काळपट की चंद्र शोधावा लागतो. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याची राख व गंधकाचे कण वातावरणात उंच पसरले. डिसेंबर १९९२ चं खग्रास ग्रहण त्यामुळे फारच काळोखं झालं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दाँजोंने ही उजळता मोजायला शून्य ते चार अशी श्रेणी ठरवली: शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य, चार म्हणजे तेजस्वी तांबडा-नारिंगी. मध्याच्या वेळी गच्चीवरच्या प्रत्येकाला अंक विचारा आणि वहीत लिहा. कॅमेरा नसला तरी हे खरं निरीक्षण आहे.

चंद्र झाकला गेला की बाकीचं आकाश उघडतं. २०२८ च्या रात्री चंद्र मिथुन राशीत असेल. पुनर्वसूचे दोन तारे एका बाजूला, मृग नक्षत्र दुसऱ्या बाजूला आणि त्याच्या खाली व्याध. पौर्णिमेच्या चांदण्यात फिके पडलेले हे तारे खग्रास अवस्थेत ठळक होतील. मुंबईच्या आकाशात मृगाचे तीन तारे एका ओळीत आणि शेजारी लाल चंद्र, हे मुलांना नक्की दाखवा.

पूर्वी ग्रहण सुटताना गल्ल्यांतून 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी यायची. घरातल्या आजी-आजोबांना ती आठवत असेल. गच्चीवर त्यांना खुर्ची द्या आणि विचारा.

मोबाइलने

हातात धरून काढलेल्या फोटोत चंद्र पांढरा ठिपका येतो. कारण साधं आहे: फोन काळ्या आकाशाकडे बघून सगळं उजळ करतो. चंद्रावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) लॉक करा आणि बाजूला येणारी उजेडाची पट्टी खाली ओढा, चंद्रावरचे डाग दिसेपर्यंत. फोन कशावर तरी टेकवून किंवा छोट्या ट्रायपॉडवर लावून तीन सेकंदांचा टायमर ठेवा. खग्रास अवस्थेत उलट करा: नाइट मोड चालू करा आणि पट्टी पुन्हा मधोमध आणा.

काही फोन चंद्र ओळखून त्यावर स्वतःकडचे तपशील चढवतात. ग्रहणात असा फोटो खोटा ठरू शकतो. सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करता येत असेल तर करा.

मोबाइलची खरी ताकद माणसांसकट चित्रात आहे. गच्चीचा कठडा, मान वर केलेली माणसं, वर लहानसा लाल चंद्र. असा फोटो मोठ्या लेन्सवाल्यांना घ्यायला सुचत नाही. शेजारी कोणाकडे दुर्बीण असेल तर भिंगाच्या मधोमध फोनचा कॅमेरा टेकवून बघा. हात थरथरतो, पण क्लॅम्प लावला तर चंद्र चांगला मोठा मिळतो.

कॅमेऱ्याने

लेन्सच्या फोकल लेंथला ११० ने भागा, सेन्सरवर चंद्र साधारण तितके मिलिमीटर येतो. २०० मिमीला दोन मिलिमीटरहून कमी, ५०० मिमीला साडेचार. म्हणजे किटबरोबर मिळणाऱ्या ५५-२५० सारख्या लेन्सने चंद्र लहान येईल, पण फोटो कापून कामाचा निघतो. नव्या महागड्या लेन्सची घाई करू नका. मजबूत ट्रायपॉडवर खर्च करा.

एका पौर्णिमेला एवढा सराव करा: मॅन्युअल मोड, रॉ (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ) फाइल, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 'डेलाइट' वर. ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवलात तर कॅमेरा ग्रहणाचा लाल रंग चूक समजून धुऊन काढेल. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून हाताने जुळवा. चंद्राच्या मधोमध नव्हे, कडेजवळच्या विवरांवर. जुळला की फोकस रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. खग्रास अवस्थेत ऑटोफोकस अंधारात चाचपडतो आणि नेमक्या वेळी हातातून निसटतो. म्हणून स्पर्शाच्या आधी जुळवलेला फोकसच शेवटपर्यंत राहू द्या.

आता आकडे. पूर्ण चंद्रासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर १/२०० सेकंद. सावली पुढे सरकेल तसा उजळ भागाचा एक्स्पोजर थोडा थोडा वाढवत न्या: अर्ध्या चंद्राला १/१००, बारीक कोर उरली की १/३०. त्या कोरीसोबत लाल भागही हवा असेल तर एका फोटोत दोन्ही बसणार नाहीत. तेव्हा एकामागोमाग पाच-सहा फोटो घ्या, प्रत्येक वेळी शटर दुप्पट लांबवत. संमीलनानंतर सगळंच बदलतं. चंद्र पौर्णिमेच्या मानाने हजारो पटींनी अंधूक होतो. इथे अपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ १६००, अर्धा ते एक सेकंद, इथून सुरुवात करा आणि पडद्यावर बघून वाढवा-कमी करा. पृथ्वी फिरत असल्यामुळे चंद्र चौकटीतून सरकत असतो. ३०० मिमी लेन्सने एका सेकंदापुढे गेलात तर कड पुसट होईल. उजेड कमी पडला तर शटर लांबवण्यापेक्षा आयएसओ ३२०० करा. थोडे दाणे आले तरी चालतील, हललेला चंद्र चालणार नाही. फोटो बघताना हिस्टोग्राममधला (फोटोतल्या उजेडाच्या आलेखातला) लाल रंग तेवढा स्वतंत्र तपासा. एकूण आलेख ठीक दिसत असताना लाल मात्र टोकाला जाऊन फुटलेला असतो.

संपूर्ण ग्रहणाची माळ एका चित्रात हवी असेल तर २४ मिमीच्या आसपासची लेन्स लावून कॅमेरा उभा धरा, कारण २०२८ ला चंद्र जवळजवळ सरळ वर चढणार आहे. चौकटीच्या तळाला जवळचा एखादा टॉवर घ्या आणि दर पाच मिनिटांनी एक फोटो. या साडेतीन तासांत ट्रायपॉडला कोणीही हात लावायचा नाही. पोरं धावतात तिथे भोवती खुर्च्या उलट्या करून ठेवणं हा उत्तम उपाय.

मोक्षाच्या सुमारास चंद्र डोक्यावर येईल तेव्हा जड लेन्स वर करून स्क्रू आवळताना ती मागे घसरते. ट्रायपॉडचा एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा, म्हणजे तोल राहतो. फिरणारा पडदा नसेल तर चटई अंथरून आडवे व्हा. मानेलाही तेच बरं.

बॅग आणि ती रात्र

एसी खोलीतून कॅमेरा थेट गच्चीवर आणू नका, समुद्रावरची दमट हवा लागताच काचेवर धुकं धरतं. अर्धा तास आधी बंद बॅगेतच वर ठेवा, मग उघडा. मऊ कापड, एक जादा बॅटरी, लाल कागद लावलेली टॉर्च, वही-पेन, डासांचं मलम, पाणी. मेमरी कार्ड संध्याकाळीच रिकामं करा. घड्याळ आणि कॅमेऱ्याची वेळ जुळवा, नाहीतर नंतर कुठला फोटो कधीचा हे कळत नाही.

२०२८ ला आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बारा वाजता फटाके फुटतील आणि मोक्ष आहे १२.०६ ला. शेवटची सहा मिनिटं धुरातून बघावी लागतील. महत्त्वाचे फोटो त्याआधी हातात असू द्या. बारा वाजताचे फटाके आणि चंद्राच्या कडेला जेमतेम उरलेली सावली एका चौकटीत मिळाली तर असा नववर्षाचा फोटो पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. त्यासाठी मोबाइलची रुंद लेन्स एखाद्या मित्राच्या हाती सोपवा.

त्या रात्री ढग आलेच, तर मुंबईतून दिसणारं पुढचं खग्रास ग्रहण बारा महिन्यांच्या आतच आहे. २१ डिसेंबर २०२९ च्या पहाटे, स्पर्श सुमारे २.२५ ला, खग्रास अवस्था ३.४४ ते ४.३८. तेव्हा चंद्र पश्चिमेला उतरत असेल, मध्याला सुमारे ४० अंशांवर. या खेपेला मात्र मरीन ड्राइव्ह आणि वरळीचे कट्टे बरोबर दिशेला आहेत. समुद्राकडे तोंड करून बसा.